सबव्हर्जनमधून गिटकडे जाताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमचा मुक्तस्रोत प्रकल्प २००८ पासून सबव्हर्जनवर (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीवर) आहे. साडेनऊ हजारांच्या आसपास रिव्हिजन्स (नोंदवलेले बदल), ट्रंक-ब्रँचेस-टॅग्ज (मुख्य कोड, त्याच्या फांद्या, आवृत्त्यांच्या खुणा) अशी नेहमीची रचना. आता गिटवर, म्हणजे त्याच कामाच्या दुसऱ्या प्रणालीवर, जायचं ठरलंय. एका शनिवार-रविवारी काम उरकेल का? – एक वाचक, नाशिक

प्रत्यक्ष बदल एका शनिवार-रविवारी होतो, पण त्याआधी तालमी कराव्याच लागतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाने सबव्हर्जनमधून मर्क्युरिअल या गिटसारख्या प्रणालीवर जायचा निर्णय मार्च २००९ मध्ये जाहीर केला आणि बदल केला मार्च २०११ मध्ये. तुमचा प्रकल्प त्या मानाने लहान आहे. तरी सगळी आयात स्क्रिप्टमध्ये लिहा आणि दर वेळी कोऱ्या फोल्डरपासून चालवा. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या तालमीत हमखास विसरली जाते.

सर्व्हरवरून थेट आयात करू नका. आयात करणारं ‘गिट-एसव्हीएन’ एकेक रिव्हिजन वेगळी मागतं, त्यामुळे काही तासांचं काम नेटवर्कवरून काही दिवस चालतं. आधी ‘एसव्हीएनसिंक’ने किंवा सर्व्हर हाताशी असेल तर ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन हॉटकॉपी’ने पूर्ण भांडार (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) स्वतःच्या डिस्कवर आणा.

मग लेखकांची यादी. ‘एसव्हीएन लॉग’ शांत पर्यायासह चालवला की प्रत्येक ओळीत रिव्हिजन, वापरकर्ता आणि तारीख मिळते. वापरकर्त्याचा रकाना वेगळा काढा, दुहेरी नावं गाळा आणि प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह देऊन खरं नाव आणि कोनी कंसात ईमेल लिहा. एक नाव जरी सुटलं तरी आयात तिथेच थांबते. भांडार त्याआधी सीव्हीएस या आणखी जुन्या प्रणालीमधून आलेलं असेल, तर काही रिव्हिजन्सना लेखकच नसतो. तिथे ‘नो ऑथर’ असं कंसासह छापलं जातं, त्यासाठीही यादीत एक ओळ हवी.

आता ‘स्टडलेआउट’ (नेहमीची रचना आहे हे सांगणारा पर्याय) आणि लेखकांची फाइल देऊन क्लोन, म्हणजे इतिहासासह प्रत, सुरू करा. मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून नको. त्याच फोल्डरमध्ये ‘गिट एसव्हीएन फेच’ दिलं की काम पुढे चालू लागतं.

खरी किचकट जागा टॅग्जची. सबव्हर्जनमध्ये टॅग म्हणजे फोल्डरची नुसती प्रत, तिच्यात कुणीही नंतर कमिट करू (बदल नोंदवू) शकतं. आयातीनंतर हे टॅग्ज दूरच्या ब्रँचेस म्हणून दिसतात. प्रत्येकाचं ट्री (फायलींची त्या वेळची स्थिती) त्याच्या पालक, म्हणजे आधीच्या, कमिटच्या ट्रीशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर पालक कमिटवर माहितीसह टॅग लावा. वेगळे असतील तर आवृत्ती निघाली तेव्हा कुणीतरी टॅगमध्येच दुरुस्ती केली होती. मग टॅग त्या वेगळ्या कमिटवरच राहू द्या, कारण लोकांनी डाउनलोड केलेली आवृत्ती तीच. नावापुढे अ‍ॅट चिन्ह आणि आकडा असलेल्या ब्रँचेस दिसल्या तर त्या बहुधा पुसून पुन्हा केलेल्या ब्रँचेसचे अवशेष असतात. आत पाहा, मगच काढा.

पडताळणी टाळूच नका. प्रत्येक टॅगसाठी एकीकडे ‘एसव्हीएन एक्स्पोर्ट’, दुसरीकडे ‘गिट अर्काइव्ह’, आणि दोन्ही फोल्डर्सवर ‘डिफ’. एक्स्पोर्ट करताना कीवर्ड्सकडे (सबव्हर्जन फायलींत आपोआप भरतं त्या माहितीकडे) दुर्लक्ष करायचा पर्याय द्या, नाहीतर डॉलर-आयडीच्या ओळीमुळे शेकडो फायली वेगळ्या दिसतील. रिकामे फोल्डर गिट ठेवतच नाही, तेवढा फरक अपेक्षित आहे. बाकी प्रत्येक फरकाचं कारण सापडायला हवं.

ट्रंक पूर्वी मुळाशी होतं आणि नंतर हलवलं, अशी रचना बदललेली असेल तर गिट-एसव्हीएन जुना इतिहास अर्धवट सोडतं. अशा वेळी केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाच्या स्थलांतरासाठी वापरलेलं, नियमांच्या फाइलवर चालणारं ‘एसव्हीएन-ऑल-फास्ट-एक्स्पोर्ट’ घ्या. जीसीसी या कंपायलर प्रकल्पाने जानेवारी २०२० मध्ये ‘रिपोसर्जन’ हे साधन वापरून बदल केला. ते शिकायला वेळ लागतो, पण फार गुंतलेल्या इतिहासासाठी तेच योग्य.

प्रश्न : सबव्हर्जनमध्ये कमिट करणाऱ्याचंच नाव राहतं. आमच्याकडे बरेच पॅचेस (पाठवलेल्या दुरुस्त्या) बाहेरच्यांचे आहेत, त्यांची नावं फक्त संदेशात आहेत. गिटमध्ये ती लेखक म्हणून आणता येतील का? – एक वाचक, पुणे

येतात, आणि आणायलाच हवीत. ज्याने विनामोबदला, रात्री जागून दुरुस्ती लिहिली त्याचं नाव वीस वर्षांनी ‘गिट ब्लेम’मध्ये (कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) दिसणं हा त्याचा हक्क आहे. आणि हे करायची संधी एकदाच मिळते. नवं भांडार लोकांनी क्लोन केल्यावर जुनं कमिट बदललं तर त्यापुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश (त्याची ओळख सांगणारा क्रमांक) बदलतो.

गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. जीसीसीने त्यांच्या चेंजलॉग फायलींतून लेखकांची नावं काढून घेतली. तुमच्याकडे संदेश आहेत. इतिहास नव्याने लिहिणाऱ्या ‘गिट फिल्टर-रेपो’ला कमिट कॉलबॅक (प्रत्येक कमिटवर चालणारा कोड) म्हणून पायथनच्या चार-पाच ओळी देता येतात: संदेशात ‘पॅच बाय’ किंवा ‘थँक्स टू’ शोधा, पुढचं नाव लेखकाच्या जागी ठेवा, कमिट करणारा तसाच राहू द्या. ‘थँक्स टू’बाबत मात्र सावध राहा. पुष्कळदा ते फक्त बग कळवणाऱ्याचे आभार असतात. म्हणून थेट बदल करण्याआधी जुळलेल्या सगळ्या ओळी छापून डोळ्यांखालून घाला. काहीशे ओळी असल्या तर एका संध्याकाळचं काम.

ईमेल पत्ते न विचारता छापू नका. ज्याच्याशी संपर्क होत नाही त्याला प्रकल्पाच्या डोमेनवरचा, जुन्या वापरकर्ता-नावाचा पत्ता द्या. पुढे कुणाचं नाव किंवा पत्ता बदलला तर ‘मेलमॅप’ फाइल पुरते, इतिहासाला हात लावावा लागत नाही. पण एकाचं कमिट दुसऱ्याच्या नावावर करणं मेलमॅपला जमत नाही. ते आयातीतच करायचं.

प्रश्न : बग ट्रॅकरमध्ये ‘आर ४३१२ (म्हणजे रिव्हिजन ४३१२) मध्ये दुरुस्त’ अशा हजारो नोंदी आहेत. त्यांचं काय? – एक वाचक, ठाणे

गिट-एसव्हीएन प्रत्येक संदेशाच्या शेवटी मूळ पत्ता आणि रिव्हिजन सांगणारी ओळ टाकतं. ‘नो-मेटाडेटा’ दिलं की ती जाते, म्हणून तो पर्याय देऊ नका. लांबलचक ओळ नको असेल तर फिल्टर-रेपोने छोटी करा. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने २०१९ मध्ये बदल करताना प्रत्येक जुन्या कमिटच्या संदेशात रिव्हिजन क्रमांकाची एक छोटी ओळ ठेवली. तिच्यामुळे जुना आकडा ‘गिट लॉग’मध्ये शोधता येतो.

याच ओळींवरून आकडा आणि हॅश यांचं कोष्टक बनवा आणि जुन्या दुव्यांवर येणाऱ्यांना वेब सर्व्हरवरून नव्या पानावर वळवा. कोष्टक अगदी शेवटी बनवा, कारण त्यानंतर फिल्टर-रेपो एकदा जरी चालवला तरी सगळे हॅश खोटे ठरतात.

प्रश्न : मी एका प्रकल्पाचं मराठी भाषांतर करते. कोड गिटवर जाणार म्हणताहेत. मला सगळं गिट शिकावं लागेल का? शिवाय काही फायलींची नावं देवनागरीत आहेत. – एक वाचक, बंगळूर

प्रकल्पाने ठरवलं तर अजिबात नाही. एप्रिल २००९ मध्ये गिटवर गेलेल्या गनोम या डेस्कटॉप प्रकल्पात भाषांतरकार प्रकल्पाच्या वेबस्थळावरून पीओ (भाषांतराची) फाइल उतरवून घेऊन पुन्हा चढवू शकतात, भांडाराला हात लावावा लागत नाही. केडीईने तर कोड गिटवर नेल्यानंतरही पुढे कित्येक वर्षं भाषांतरं सबव्हर्जनमध्येच ठेवली. त्यात शहाणपण होतं: भाषांतरकाराला शेकडो प्रकल्पांच्या फायली एकाच झाडात हव्या असतात आणि सबव्हर्जनमध्ये फक्त मराठीचा फोल्डर चेकआउट करता येतो. तुमच्या प्रकल्पाला हे जरूर सांगा. भाषांतरकारांचा विचार बहुतेक ठिकाणी शेवटी होतो आणि तेवढ्यात दोन-तीन भाषा मागे पडतात.

देवनागरी नावं गिटमध्ये नीट राहतात, फक्त ‘गिट स्टेटस’ ती तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ अशा आकड्यांत दाखवतं. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ करा, नावं वाचता येतील. मॅकवर काम करणाऱ्यांनी ‘कोअर डॉट प्रीकंपोजयुनिकोड’ चालू आहे ना हे पाहावं.

प्रश्न : जुन्या इतिहासात कुणीतरी रिलीजच्या झिप फायली टाकल्यात. क्लोन फार मोठा होतोय. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

‘गिट फिल्टर-रेपो’ विश्लेषणाच्या पर्यायासह चालवा, सगळ्यात मोठ्या फायलींची यादी मिळेल. गिटहब (गिट भांडारं ठेवणारं संकेतस्थळ) १०० एमबीपेक्षा मोठी फाइल नाकारतं. झिपा काढा, पण यादी जपून ठेवा, टॅग्जच्या पडताळणीत तेवढा फरक दिसणार. आयातीनंतर एकदा ‘विंडो’ २५० आणि ‘डेप्थ’ ५० देऊन सगळं नव्याने पॅक करा. तेवढ्यानेही आकार बराच उतरतो.

प्रश्न : काही महिने दोन्ही भांडारं चालू ठेवावीत का? बदलाच्या दिवशी नेमकं काय करायचं? – एक वाचक, मडगाव

सबव्हर्जनमधून गिटकडे एकतर्फी आरसा खुशाल ठेवा, लोकांना सरावासाठी तो उपयोगी पडतो. दोन्हीकडे कमिट मात्र कधीच नको. गिटमधलं मर्ज (दोन ब्रँचेस एकत्र करणं) सबव्हर्जनमध्ये सपाट होतं आणि दोन इतिहास जुळेनासे होतात.

बदलाच्या दिवशी सबव्हर्जनच्या ‘स्टार्ट-कमिट’ हुकमध्ये (कमिट सुरू होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) नवा पत्ता त्रुटीच्या प्रवाहावर छापून ‘एक्झिट १’ लिहा. कमिट करणाऱ्याला तोच संदेश दिसतो. मग शेवटची आयात, पडताळणी, आणि तपासणी सर्व्हर (आपोआप चाचण्या चालवणारा) आणि ईमेल हुक्स नव्या भांडाराकडे वळवणं. जुनं भांडार पुसू नका, वाचण्यापुरतं उघडं ठेवा. ज्यांचं काम अर्धवट आहे त्यांनी जुन्या फोल्डरमध्ये ‘एसव्हीएन डिफ’ घ्यावा आणि नव्या क्लोनमध्ये ‘गिट अप्लाय’ला पी-शून्य देऊन लावावा. पी-शून्य विसरलं तर गिट पथाचा पहिला भाग तोडतं आणि फाइल सापडत नाही अशी तक्रार करतं.

पहिल्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट बिघडते. ‘गिट एसव्हीएन शो-इग्नोअर’ने जुन्या दुर्लक्ष-याद्या मिळतात, पण सबव्हर्जनचा क्लायंट ओ आणि एसओ फायली, एडिटरच्या शेपटीवाल्या (नावाशेवटी ~ असलेल्या) फायली स्वतःहून लपवतो. त्या यादीत कधी लिहिलेल्याच नसतात. गिटमध्ये त्या अचानक दिसू लागतात आणि ‘गिट अ‍ॅड’ला टिंब देणारा कुणीतरी त्या चढवतो. बदलाच्या पहिल्या कमिटमध्येच गिटइग्नोअर फाइल पूर्ण करा, आणि त्याच कमिटमध्ये ओळींच्या शेवटासाठी गिटअ‍ॅट्रिब्यूट्सही.