चौथे वर्ष, आणि शोधनिबंध एकही नाही

पीएच.डी. करणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक एक प्रश्न मला वारंवार विचारतात: इतकी वर्षे गेली, हाती काहीच दिसत नाही, मग आता सोडून द्यावे का? गेल्या दिवाळीनंतर तासगाव भागातले एक कुटुंब हाच प्रश्न घेऊन सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वडील द्राक्ष बागायतदार, आई घर आणि बाग दोन्ही सांभाळणारी, आणि मुलगी भौतिकशास्त्रात संशोधन करणारी. दिवाळीला घरी आलेली ही मुलगी परत जायला तयार नव्हती आणि कारणही सांगत नव्हती.

वडिलांनी सुरुवातीलाच मन मोकळे केले. “मॅडम, हिचा चुलतभाऊ पुण्यात नोकरीला लागला, फ्लॅट घेतला. हिचं अजून शिक्षणच चालू आहे, आणि काय शिकते ते आम्हाला सांगताही येत नाही.” आईची काळजी वेगळी होती. मुलगी रात्र-रात्र एक्स-रेपाशी काम करते, त्याचा पुढे संसारावर परिणाम होईल का, हे तिला विचारायचे होते. एक्स-रे म्हटले की घरच्यांना दवाखाना आठवतो आणि भीतीही तिथूनच येते. याचे उत्तर मी मुलीलाच द्यायला सांगितले. प्रयोगाची खोली शिशाच्या जाड आवरणाची असते, आत कोणी राहिलेले नाही हे पाहत, ठरावीक बटणे दाबत बाहेर यावे लागते, दार बंद झाल्याशिवाय किरण आत सोडता येत नाहीत आणि प्रयोग चालू असताना माणसे बाहेर संगणकासमोर बसलेली असतात, असे तिने सांगितले. त्यानंतर आईने तो विषय काढला नाही.

मग मी मुलीशी एकटीशी बोलले. अशा वेळी झोप, भूक, कामातला रस आणि जगणे नकोसे वाटते का, हे मी आडवळण न घेता विचारते, कारण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर करिअरची चर्चा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे लागते. (टेलि-मानसचा 14416 हा मोफत सरकारी क्रमांकही मी अशा घरांना लिहून देते.) तिच्या बाबतीत तसे नव्हते. झोप मात्र मोडली होती आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होते: “मला काही दिसलंच नाही, म्हणजे मी या कामाची नाही.”

काय दिसले नाही, ते मी तिला सविस्तर सांगायला लावले. तिचे काम स्ट्रॉन्शियम इरिडेट या पदार्थावर चालते. त्यात शेजारशेजारच्या इरिडियम अणूंच्या चुंबकीय दिशा एकमेकींविरुद्ध असतात, त्यामुळे बाहेरून तो पदार्थ चुंबक वाटतच नाही. अशी आतली रचना सहसा न्यूट्रॉनने तपासतात, पण इरिडियम न्यूट्रॉन फार शोषून घेते आणि स्फटिकही मोहरीपेक्षा लहान असतात, म्हणून एक्स-रेचा आधार घ्यावा लागतो. अडचण अशी की चुंबकीय रचनेवरून विखुरणारे एक्स-रे एरवी नेहमीच्या विखुरण्याच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकेच क्षीण असतात. ज्या ऊर्जेला इरिडियम एक्स-रे एकदम जास्त शोषू लागते, त्या 11.2 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कडेशी किरणांची ऊर्जा अचूक जुळवली, तरच इतक्या लहान स्फटिकातला तो सिग्नल मोजण्याजोगा होतो. त्यासाठी सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन मोठ्या कड्यात वेगाने फिरवून अतिशय प्रखर एक्स-रे देणारे यंत्र, लागते. तिला जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या पेट्रा-3 या सिंक्रोट्रॉनवर वेळ, म्हणजे बीमटाइम, मिळाला होता. अर्ज, तज्ज्ञांची छाननी, काही महिन्यांची वाट आणि शेवटी मोजके दिवस, असा तो मामला असतो, आणि त्या दिवसांत प्रयोग चोवीस तास चालतो.

स्ट्रॉन्शियमच्या जागी थोडे लँथॅनम हे दुसरे मूलद्रव्य घातलेला तिचा स्फटिक तांब्याच्या तुकड्यावर चिकटवून हेलियमच्या साहाय्याने अतिशीत केला होता. आलेखात जिथे चुंबकीय सिग्नलचे शिखर उमटायला हवे, तिथे पहाटेपर्यंत सपाट रेषाच येत राहिली. सांगताना तिचा आवाज बसला. मी विचारले, “लँथॅनम न घातलेला स्फटिक लावून पाहिला होतास?” पाहिला होता, आणि त्यात शिखर स्वच्छ आले होते. हे तिने इतक्या सहज सांगितले की त्याचा अर्थ काय होतो ते आधी तिच्याच लक्षात आले नाही. यंत्र बरोबर होते, ऊर्जा बरोबर होती, मांडणीही बरोबर होती. मग सपाट रेषा तिच्याबद्दल काही सांगत नव्हती. ती त्या दुसऱ्या स्फटिकाबद्दल सांगत होती. लांब पल्ल्याची चुंबकीय शिस्त तिथे मोडली असेल किंवा इतकी तोकडी झाली असेल की शिखर पसरून पार्श्वभूमीत बुडाले असेल.

पुढच्या बैठकीत तिने हेच वडिलांना समजावले. एक्स-रे अशा रीतीने चुंबकत्वावरून विखुरतात हे 1972 मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी साध्या एक्स-रे नळीवर, निकेल ऑक्साइडचा स्फटिक ठेवून पहिल्यांदा दाखवले, हेही तिने सांगितले. वडील ऐकून म्हणाले, “म्हणजे खरड छाटणीसारखं. एप्रिलात छाटलं तर लगेच घड नसतो, काडीत डोळा तयार व्हायचा असतो.” उपमा चांगली होती, फक्त फळछाटणी कधी करायची हे त्यांना ठाऊक असते आणि संशोधनात ते कोणालाच ठाऊक नसते, एवढे मी जोडले. म्हणूनच ज्या तारखा ठाऊक आहेत, त्या आधी कागदावर आणाव्या लागतात.

या तारखांबाबत घरोघरी फार गोंधळ असतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलेलाच हवा, ही सक्तीही त्या नियमांनी काढली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र वेगळा पाहावा लागतो. तेव्हा चौथे वर्ष म्हणजे शेवट नव्हता. पण दुसरी बाजूही मी लपवली नाही. तिची जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती, म्हणजे 2023 पासून पहिली दोन वर्षे महिना 37,000 आणि नंतर 42,000 रुपये, एकूण पाचच वर्षे चालते. नोंदणी शिल्लक आणि पैसा बंद, असा काळ येऊ शकतो, आणि त्याची बोलणी घरात आताच व्हायला हवीत. वडिलांनी ती बोलणी माझ्यासमोरच केली. लग्नाचा विषय निघाला, पण तो निर्णय मुलीचा आहे एवढे म्हणून मी तो तिथेच थांबवला.

गाईडशी ती बरेच दिवस बोललीच नव्हती. ‘मला जमत नाही’ असे पत्र तिने मनात अनेकदा लिहिले होते. त्याऐवजी आम्ही दोन्ही स्फटिकांचे आलेख शेजारी ठेवून तीन प्रश्न लिहिले: ही सपाट रेषा प्रबंधात घेता येईल का, कमी लँथॅनमचे स्फटिक कोण वाढवून देईल, आणि पुढचा बीमटाइम मिळाला नाही तर इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर यातले काय करता येईल. उत्तर दोन दिवसांत आले. पहिल्या प्रश्नाला होकार होता, दुसऱ्यासाठी एका सहकाऱ्याचे नाव सुचवले होते, तिसऱ्यासाठी भेटायला बोलावले होते. ती परत गेली.

जाण्याआधी मी तिच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. बीमटाइमहून परतल्यावर सलग सात रात्री नीट झोप होईपर्यंत पीएच.डी. सोडण्याबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि त्या मजकुराचा ई-मेल कोणालाही पाठवायचा नाही. आईला मी तेवढ्या दिवसांत ‘काय निघालं?’ असे फोनवर विचारायचे नाही असे सांगितले. जेवलीस का, हे मात्र विचारायला हरकत नव्हती.