वाचकांचे प्रश्न : छत्तीसनंतर एकदम अडतीस

प्रश्न (मिरज) : आमच्या तरुण संघात एक मेसेज फिरतोय, 'नव्या बायबलांतून वचने काढली, प्रेषितांची कृत्ये 8:37 पाहा.' काहींच्या प्रतीत खरेच 36 नंतर 38 आहे. 'आम्ही मूलतत्त्ववादी, हे भाषांतर उपासनेत नको,' असे मुले म्हणतात. वडीलमंडळी त्यांना दटावतात. खरे काय?

उत्तर : दटावू नका. मुलांनी शास्त्र उघडून पाहिले, हे चांगलेच झाले.

वचनांना आकडे घातले ते फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएन याने, 1551 साली. त्याच्या ग्रीक पाठात 37वे वचन होते, कारण 1516च्या छापील ग्रीक नव्या करारात डच विद्वान इरॅस्मसने ते घेतले होते. त्याला ते एका हस्तलिखिताच्या समासात सापडले आणि नकलाकारांच्या हयगयीने गळले असावे असे वाटले. पण चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत ते नाही. म्हणून नव्या भाषांतरांनी ते कंसात किंवा तळटिपेत नेले. आकडे मात्र रूढ झालेले, म्हणून 37ची जागा रिकामी दिसते. त्या वचनात फिलिप्पाकडून बाप्तिस्मा घेणारा हबशी षंढ अधिकारी बाप्तिस्म्याआधी विश्वासाची कबुली देतो. ही कबुली जुनी आहे, दुसऱ्या शतकातले बिशप इरेनियस यांनाही ती ठाऊक होती. शिकवणही कुठे गेलेली नाही. रोमकरांस 10:9 वाचा.

आता मूलतत्त्ववादाचे. 1910 ते 1915 या काळात अमेरिकेत 'द फंडामेंटल्स' नावाच्या 12 पुस्तिका निघाल्या. लेख 90, खर्च खनिज तेलाचे व्यापारी लायमन स्टुअर्ट आणि त्यांच्या भावाचा. पाळकांना व मिशनऱ्यांना त्या फुकट पाठवल्या. त्यांवरूनच 1920 मध्ये एका बॅप्टिस्ट संपादकाने 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द काढला. या पुस्तिकांच्या लेखकांत प्रिन्स्टनचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक बी. बी. वॉरफील्ड होते. शास्त्र निर्दोष आहे, असे ते ठामपणे मांडत, पण मूळ लेखकांच्या हातच्या लिखाणाबद्दल. मार्क 16:9-20 हा भाग मूळचा नाही, असे त्यांचेच मत होते! जुन्या प्रती ताडून पाहणे हे मूलतत्त्वांविरुद्ध आहे, असे त्या पिढीला वाटत नव्हते.

मुलांबरोबर एक तास बसा. पंडिता रमाबाईंचे भाषांतर, बायबल सोसायटीची प्रत आणि एखादे सोप्या मराठीतले, अशा तीन प्रती घ्या. मार्क 16:9-20, योहान 5:4, योहान 7:53 ते 8:11 आणि कृत्ये 8:37 ही चार ठिकाणे उघडा. प्रत्येक प्रतीत वचन मजकुरात आहे, कंसात आहे, तळटिपेत आहे की नाहीच, ते मुलांनीच फळ्यावर लिहावे. मोबाइलवर पाहत असाल तर सांभाळा : काही ॲपमध्ये तळटीप बारीक खुणेमागे असते, बोट लावल्याशिवाय दिसत नाही आणि वचन 'गायब' वाटते. 'काढलेल्या' वचनांच्या फिरत्या याद्यांत बहुधा 1611चे इंग्रजी (किंग जेम्स) भाषांतर हीच मोजपट्टी धरलेली असते. मराठी शास्त्र इंग्रजी गजाने का मोजायचे, हे मुलांना जरूर विचारा.

प्रश्न (सातारा) : मुलगा एका नव्या फेलोशिपमध्ये जातो. लहानपणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा खोटा, म्हणून आता पाण्यात बुडवून पुन्हा घेणार म्हणतो. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे.

उत्तर : 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यांत विश्वास धरणाऱ्या प्रौढांनाच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते. म्हणून बालबाप्तिस्मा आणि प्रौढपणी विश्वासाने घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही तिथे मान्य आहेत. पुन्हा बाप्तिस्मा मात्र मान्य नाही. आणि वर आलेल्या मूलतत्त्वांचेच म्हणाल, तर अमेरिकन प्रेस्बिटेरियन महासभेने 1910 मध्ये पाच मूलतत्त्वे ठरवली : शास्त्राची निर्दोषता, कुमारीपासून जन्म, आपल्याऐवजी ख्रिस्ताने केलेले प्रायश्चित्त, देहासहित पुनरुत्थान, चमत्कारांची सत्यता. पाणी किती, याचा त्यांत उल्लेख नाही.

तरीही मुलाची ओढ खरी आहे. स्वतःच्या तोंडाने कबुली द्यावी असे त्याला वाटते, आणि त्यासाठी आपल्याकडे दृढीकरण, म्हणजे मोठेपणी मंडळीसमोर विश्वास कबूल करण्याचा विधी, आहे. ते झाले नसेल तर फेलोशिपमध्ये तारीख ठरण्याआधी पाळकसाहेबांना घरी बोलवा, मुलाला आधी पूर्ण बोलू द्या, आणि दृढीकरणाच्या वर्गात त्याचे नाव घाला.