बॉम्ब 'दैवी' नसतो

प्रश्न दापोलीहून आला आहे. "मत्स्यसंशोधनासाठी आमचा एका परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार आहे. त्या देशात युद्ध पेटलंय. कराराच्या मराठी प्रतीत कलम असं: 'पूर, वादळ, भूकंप व तत्सम दैवी आपत्तींमुळे काम अशक्य झाल्यास कोणताही पक्ष जबाबदार राहणार नाही.' त्याच्या आधारे पत्र लिहायचं आहे. करार 'स्थगित' म्हणू की 'रद्द'?"

ते नंतर बघू. आधी ते 'दैवी' खोडा.

हा शब्द हल्ली जिथे तिथे दिसतो. मूळ मसुद्यात असतं 'फोर्स मॅज्यूर'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ आपल्याहून वरचढ जोर, एवढाच. त्यात देव कुठेच नाही. इंग्रजी कायद्यातलं 'अ‍ॅक्ट ऑफ गॉड' हे त्याचं एक पोटकलम. भाषांतरकाराने पोटातलं काढून डोक्यावर बसवलं. कोकणात वर्षाचं गाऱ्हाणं देवापुढे घालतात, सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात, ते ठीकच. पण प्रयोगशाळेवर तोफगोळा पडला तर तो कुणाच्या खात्यात टाकायचा हे गुरवाने ठरवायचं नसतं.

आणि हा नुसता शुद्धलेखनाचा हट्ट नाही. पूर, वादळ, भूकंप अशी एका जातीची नावं ओळीने लिहून शेवटी 'तत्सम' जोडलं, की न्यायालय त्या 'तत्सम'चा अर्थ त्याच जातीपुरता घेऊ शकतं. भूकंपाच्या जातीत युद्ध बसत नाही. म्हणजे ज्या दिवशी कलमाची गरज पडली त्याच दिवशी ते तुमच्या हातातून निसटलं.

मराठीत या कलमाला तयार नाव आहे: अस्मानी-सुलतानी. जुन्या सारावसुलीच्या व्यवहारातली ही जोडी. पीक आभाळाने नेलं की राजाने, हे विचारायचं आणि मग सूट द्यायची की नाही ते ठरवायचं. आता वर्तमानपत्रांनी तिचा नुसता 'मोठं संकट' असा चोथा केला आहे. अवकाळी पाऊस झाला तरी 'अस्मानी-सुलतानी', कांद्याचा भाव पडला तरी तेच. अहो, दोन शब्द आहेत कारण दोन प्रश्न आहेत! ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग वादळ अस्मानी. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची मासेमारीबंदी सुलतानी, मग ती कितीही शहाणपणाची असो.

आता 'अस्मान' घ्या, कारण खरी गंमत तिथे आहे. फारसी 'आस्मान'च्या मागे अवेस्तातला, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातला, 'अस्मन्' आहे आणि त्याचे अर्थ दोन: दगड आणि आकाश. त्याचा संस्कृत भाऊ 'अश्मन्', म्हणजे दगड. म्हणून अश्मयुग, म्हणून अश्मरी. हो, मूतखडा आणि अस्मान एकाच घरातले. त्या जुन्या माणसांना आकाश म्हणजे डोक्यावरचं दगडी छत वाटायचं. वैशाखात भरदुपारी रत्नागिरीच्या सड्यावर उभं राहून पाहा: खाली तापलेला कातळ, वर तापलेला कातळ. ऋग्वेदात 'अश्मन्' वरून फेकलेल्या वज्रालाही म्हटलं आहे. माझा लाडका तर्क असा, की 'अस्मानी' या शब्दातली भीती पावसाची नाहीच. ती वरून दगड पडण्याची भीती आहे. पाऊस, गारा, वीज मागाहून त्यात शिरले.

यावर एक शहाणा आक्षेप ठरलेला: मग क्षेपणास्त्रही वरूनच पडतं, ते अस्मानी का नाही? कारण वस्तू कुठून आली हे 'अस्मानी' विचारत नाही, कुणी पाठवली हे विचारतं. क्षेपणास्त्राला पाठवणारा असतो.

शुद्धिवादी मंडळी म्हणतात फारसी नको, संस्कृत 'दैवी' बरा. बरं, मग कौटिल्यालाच विचारू. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात दैवपीडनं पाच दिली आहेत: अग्नी, उदक, व्याधी, दुर्भिक्ष, मरक (म्हणजे साथीची मरी). युद्ध? यादीत नाही. परक्याच्या सैन्याचा त्रास तो पुढे वेगळा मोजतो. म्हणजे 'दैवी'त युद्ध कोंबणाऱ्यांना फारसी तर कळत नाहीच, संस्कृतही कळत नाही.

तरी मी युद्धाला सरसकट 'सुलतानी' म्हणणार नाही, आणि इथे माझं सुलतानीवाल्यांशीही वाजतं. अरबीत 'सुलतान' हा आधी माणूस नव्हता. तो भाववाचक शब्द, म्हणजे सत्ता, अधिकार. किताब म्हणून तो मागाहून डोक्यावर चढला. तेव्हा सुलतानी म्हणजे सत्तेचा हुकूम. परक्याची फौज येते त्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, परचक्र. यातलं 'चक्र' म्हणजे सैन्य. तुमच्या कलमात हे तिन्ही शब्द हवेत, कारण युद्धात संशोधन तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी अडतं.

भागीदाराची इमारत पडली, शहर शत्रूच्या ताब्यात गेलं: परचक्र. तुम्ही पाठवलेली उपकरणं तिथे असतील तर अनुक्रमांकांसह यादी आजच करा. १९०७ च्या हेग नियमावलीच्या, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, कलम ५६ प्रमाणे व्याप्त प्रदेशातल्या शिक्षणसंस्थांची मालमत्ता, ती सरकारी असली तरी, खाजगी समजायची असते. तिची जप्ती आणि नासधूस मना आहे. पण ती संस्थेची होती हे दाखवायला कागद लागतो.

बँकेने निर्बंधांमुळे पैसे अडवले, व्हिसा नाकारला, निर्यातपरवाना मिळेना: ही सुलतानी. मत्स्यसंशोधनवाले हमखास इथे अडकतात. मासे शोधणारं सोनार पाणबुडीही शोधतं. आपल्याकडच्या 'स्कोमेट' यादीत, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना येणाऱ्या वस्तूंच्या सरकारी निर्यातयादीत, बसणारी वस्तू परवान्याशिवाय बाहेर जात नाही, आणि वस्तू म्हणजे फक्त खोका नव्हे. सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान ईमेलने पाठवणंही त्यात येतं. काल बिनधोक असलेली फाइल युद्ध लागल्यावर कुणाच्या हाती जाते, ते पुन्हा तपासावं लागतं.

आणि काम शक्य आहे, फक्त महाग झालं, तर ते तिन्हींत बसत नाही. परदेशातला कायदा बदलून आयात कोळसा महागला, म्हणून वीजकंपन्या याच 'फोर्स मॅज्यूर' कलमाखाली सवलत मागत होत्या. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. त्याआधी १९५३ च्या एका निकालात, दुसऱ्या महायुद्धात सरकारने कलकत्त्याकडची जमीन लष्करासाठी घेतली म्हणून जमिनीचा करार संपला असं न्यायालयाने मानलं नाही, कारण ताबा तात्पुरता होता. अस्सल सुलतानी, तरी करार जिवंत! मुद्दा १८७२ च्या संविदा अधिनियमाचा, म्हणजे करारांच्या कायद्याचा आहे. करारातच असं कलम असेल तर आधी त्या कायद्याचं ३२ वं कलम बघतात, म्हणजे एखाद्या घटनेवर अवलंबून ठेवलेला करार, नसेल तर ५६ वं, म्हणजे अशक्यता. दोन विद्यापीठांमधला कागद हा दोन राष्ट्रांमधला तह नव्हे. आणि तहसुद्धा युद्ध लागलं म्हणून आपोआप मरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या २०११ च्या मसुद्याचं तिसरं कलम हेच सांगतं.

तेव्हा कलम असं लिहा: 'अस्मानी, सुलतानी किंवा परचक्र यांमुळे, म्हणजे नैसर्गिक आपत्ती, कोणत्याही शासनाचा हुकूम वा निर्बंध, अथवा युद्ध किंवा सशस्त्र संघर्ष (घोषित असो वा नसो) यांमुळे…' 'घोषित असो वा नसो' गाळू नका, हल्ली युद्ध जाहीर करून कोण करतं? कळवायची मुदत दिवसांत घाला. 'लवकरात लवकर' ही मुदत नव्हे. नमुने, आकडेवारी आणि विद्यार्थ्याचं विद्यावेतन खोळंब्याच्या काळात कुणाकडे, तेही तिथेच लिहा.

हे पुढच्या करारासाठी. आत्ताच्या 'दैवी' कलमावर भिस्त ठेवू नका. परस्परसंमतीने दुरुस्तीपत्रावर सह्या घ्या. मुळात तुमच्या कागदात 'हा बंधनकारक नाही' असं वाक्य असेल, तर एवढी झटापटही नको, साधं पत्र पुरे. सामंजस्य करार पुष्कळदा करार असतो, करारी नसतो.

राहिला तुमचा प्रश्न. 'रद्द' अरबी, परत फिरवणं, नाकारणं. 'रद्दी' त्याच घरची, आणि तिकडे गेलेलं परत येत नाही, म्हणून तो शब्द टाळा. 'स्थगित' लिहा. पण संस्कृतात 'स्थग्' म्हणजे झाकणं, लपवणं, आणि त्याच धातूवरून 'स्थग', म्हणजे आपला ठग. तेव्हा कोणत्या तारखेपर्यंत स्थगित, ते त्याच ओळीत लिहा.