कुरिअरमध्ये लाकडी हँगबोर्डला (क्लाइंबिंगसाठी बोटांची ताकद वाढवायला ज्याला लटकतात ती भिंतीवरची फळी) चीर गेली, चिकटवून वापरता येईल का?

चीर कुठून कुठे गेलीय त्यावर ठरतं. चिकटवण्याआधी खोका आणि चीर यांचे फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. गोंद लागला की बदली मिळणं अवघड.

चीर स्क्रूच्या भोकातून किंवा बोटं धरायच्या खाचेतून जात असेल, तर तो बोर्ड लटकायला वापरू नका. पूर्ण वजन तिथेच येतं आणि तुटतो तेव्हा आधी कळत नाही. रेझिनच्या बोर्डला आरपार तडा असेल तरी हेच.

कडेला, लाकडाच्या रेषांच्या दिशेने केसाएवढी चीर असेल तर जमतं. पातळ ब्लेडने चीर किंचित उघडी धरा, फेव्हिकॉल मरीन आत भरा आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनर लावून तो खोलवर ओढून घ्या. वरवर लावलेला गोंद सुटतोच. सी-क्लॅम्प आवळा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा, २४ तास हलवू नका. मग १२० आणि नंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर. वार्निश नको, बोटं घसरतात.

पहिले काही दिवस पाय स्टुलावर ठेवूनच वजन द्या. चिरेवर पेन्सिलची आडवी रेघ मारा. ती तुटलेली दिसली, की बोर्ड काढून टाका.