'सॅक्सनीचा मतदार' कोण?

प्रश्न असा आहे: मार्टिन लूथरवरच्या एका मराठी लेखात '१५२१ साली सॅक्सनीच्या मतदाराने त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवले' असे वाक्य आले. हा मतदार कोण, आणि 'इलेक्टर'ला मराठीत काय म्हणावे?

वाक्य वाचून डोळ्यांपुढे बोटाला शाई लावलेला गृहस्थ उभा राहतो खरा! हा गृहस्थ म्हणजे सॅक्सनीचा सत्ताधीश फ्रेडरिक. जर्मनांचा राजा निवडणाऱ्या सात जणांपैकी एक, म्हणून इलेक्टर.

मूळ जर्मन शब्द 'कुरफ्युर्स्ट'. त्यातला 'फ्युर्स्ट' म्हणजे सर्वांत पुढचा. इंग्रजी 'फर्स्ट' त्याचाच भाऊ. लॅटिन 'प्रिन्सेप्स'चा अर्थही पहिला, आणि त्यावरूनच 'प्रिन्स' आला. म्हणून इथे 'राजपुत्र' म्हणणे ही दुसरी चूक. 'प्रिन्सली स्टेट'ला आपण राजपुत्रांचे राज्य म्हणत नाही, संस्थान म्हणतो. तोच शब्द इथे चपखल बसतो.

'कुर' म्हणजे निवड. इंग्रजी 'चूज' त्याच धातूचा, आणि संस्कृत 'जुष्', म्हणजे आवडणे, हाही त्याचा सगा. फारसीतून आपल्याकडे आलेला 'दोस्त' याच कुळातला, हे मला फार आवडते. आजच्या जर्मनीत मात्र 'कुर' म्हटले की आरोग्यधामातला मुक्काम आठवतो. तो लॅटिनमधून आलेला वेगळा शब्द आहे.

वेदात 'राजकृत्', राजा करणारे, असा शब्द आहे. मोह होतो, पण त्यातून आज पडद्यामागचा सूत्रधार डोळ्यांपुढे येतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीमुळे 'निर्वाचकगण' आपल्या ओळखीचा आहे. त्यातला 'निर्वाचक' घ्यावा. म्हणून माझा कौल 'निर्वाचक संस्थानिक'ला. लांबट आहे, पण सातांत माइन्झ, ट्रिअर आणि कोलोनचे आर्चबिशपही होते. त्यांना सरदार कसे म्हणणार? मुलूख मात्र त्यांच्याकडेही होताच. उरलेले चौघे बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलेटाइन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मारग्राफ, म्हणजे सरहद्दीच्या मुलखाचा अधिपती.

मग तिथे घराणी कशी चालली, अशी शंका येईल. निवड होती, पण मोकळी नव्हती. बाप हयात असतानाच मुलाला निवडून घ्यायचे, ही जुनी युक्ती. जर्मनांचा राजा पहिला ओटो याने ९६१ साली आपल्या लहानग्या मुलाला आखेनमध्ये राज्याभिषेक करवला. मुलगा नसला की गाडी अडायची: ११२५ मध्ये पाचवा हेन्री निपुत्रिक वारला, तेव्हा जवळचा भाचा बाजूला सारून लोथारला निवडले. सहाव्या हेन्रीने ११९६ मध्ये गादी कायमची वंशपरंपरागत करून घेण्याचा घाट घातला, तो फसला. पुढच्याच वर्षी तो वारला, आणि ११९८ मध्ये एकाच गादीवर दोन राजे निवडले गेले.

हा घोळ सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५६ च्या 'गोल्डन बुल'ने आवरला. (हा सोन्याचा बैल नव्हे. 'बुला' म्हणजे मोहोर. सोन्याची मोहोर लावलेले फर्मान.) सातांपैकी चार मते पुरेशी, निवड फ्रँकफुर्टमध्ये, राज्याभिषेक आखेनमध्ये. तीस दिवसांत निर्णय झाला नाही, तर पुढे फक्त भाकरी आणि पाणी! गंमत म्हणजे, राजाची गादी निवडीची ठेवणाऱ्या याच फर्मानाने चौघा बिगर-धर्मगुरूंच्या मुलखाची वाटणी बंद केली. तिथे वारसा थोरल्या मुलाकडे.

चार्ल्सने स्वतः जुनीच युक्ती वापरली आणि १३७६ मध्ये मुलगा वेन्झेल याला निवडून घेतले. १४०० साली ऱ्हाइनकाठच्या चार निर्वाचकांनी वेन्झेलला पदच्युत केले आणि त्यांच्यातलाच एक, ऱ्हाइनचा पॅलेटाइन काउंट रुपरेख्ट, राजा झाला. निर्वाचकाला स्वतःचे मत स्वतःला देता येईल, अशी सोय फर्मानात होतीच.