खलाशांनी नेल्सनचे शव ठेवलेली रम खरोखर प्यायली होती का?

ब्रिटिश नौदलात रमला 'नेल्सनचे रक्त' का म्हणत, आणि ब्रिटिश नौसेनापती नेल्सन याचे शव ज्या रममध्ये ठेवले होते ती खलाशांनी चोरून प्यायल्याची गोष्ट खरी आहे का, असे आपण विचारले आहे. नाव प्रचलित होते हे खरे. गोष्ट मात्र दंतकथाच आहे, कारण मुळात ते पिंप रमचे नव्हते.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत नेल्सन मारला गेला, तेव्हा शव इंग्लंडपर्यंत टिकावे म्हणून 'व्हिक्टरी' जहाजावरील शल्यवैद्य विल्यम बीटी याने ते ब्रँडीच्या मोठ्या पिंपात ठेवले आणि जिब्राल्टरला त्यात मद्यार्काची भर घातली. बीटीनेच लिहून ठेवले आहे की, जुने मद्य काढून नवे ओतता यावे म्हणून पिंपाला वर एक आणि खाली एक अशी दोन तोंडे होती. शवातून निघालेल्या वायूने एकदा झाकण उचलले गेले, तेव्हा पहारेकरी घाबरला होता. खालचे तोंड आणि त्यावर पहारा, एवढे साहित्य हाती असताना खलाशांनी कथा रचली नसती तरच नवल, असे मला वाटते.

रमचा रोजचा शिधा मात्र दंतकथा नव्हे. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका जिंकल्यावर रम जहाजांवर रुळू लागली. ती नुसती पिऊन खलाशी झिंगत, म्हणून १७४० मध्ये अ‍ॅडमिरल व्हर्ननने अर्धा पाइंट रममध्ये क्वार्टभर (म्हणजे दोन पाइंट) पाणी मिसळून ती दिवसातून दोनदा वाटण्याचा हुकूम काढला. तो 'ग्रोग्रॅम' या जाड्याभरड्या कापडाचा झगा वापरी. त्यावरून त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत आणि पाणी घातलेल्या रमलाही 'ग्रॉग' नाव पडले, असे सांगतात. पुढे हा वाटा दोनदा निम्म्यावर आणला गेला. उपकाराची फेड आपल्या वाट्यातला एखादा घोट देऊन करण्याची पद्धत होती, त्यामुळे रम जहाजावर जवळजवळ चलनासारखी वापरली जाई.

३१ जुलै १९७० रोजी हा शिधा कायमचा बंद झाला, तेव्हा काही नाविकांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. 'मेनब्रेस सांधा' हा हुकूम मात्र शिल्लक राहिला: मुख्य शिडाचा तो जाड दोर सांधणे हे अत्यंत कष्टाचे काम असे आणि त्याबद्दल जादा रम मिळे. आज दोर सांधावा लागत नाही, केवळ पेयाचा घोट मिळतो. २०१२ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाला ६० वर्षे झाली, तेव्हाही हा हुकूम निघाला होता.