वाचकांचे प्रश्न: रोइंगला जायचं म्हणजे

प्रश्न: गुजरातमधल्या माधवपूर घेडच्या मेळ्यात अरुणाचलच्या इदू मिश्मी जमातीचे लोक रुक्मिणीच्या माहेरची मंडळी म्हणून येतात. आपण तर रुक्मिणी विदर्भाची मानतो. त्यांचं, रुक्मिणीच्या वडिलांच्या नावाचं भीष्मकनगर खरंच पाहण्यासारखं आहे का? (एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर: विदर्भाचा हक्क सोडायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, आणि तिथली पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, हे आहेच. इदू लोकांचं म्हणणं वेगळं आहे. रुक्मिणीहरणाच्या वेळी तिच्या भावाला, रुक्मीला, कृष्णाने मारलं नाही, त्याचे केस कापून सोडलं. आपण त्याच्याच कुळातले म्हणून डोक्याभोवती केस गोलाकार कापतो, असं ते सांगतात. असमियात त्यांना ‘चुलीकटा’ म्हणत, ते या केसांवरूनच.

आता जागेबद्दल. भीष्मकनगर अरुणाचलमधल्या रोइंग शहराहून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. उभा किल्ला बघायला मिळेल अशा समजुतीने गेलात तर हिरमोड होईल. झाडीत दडलेले मातीचे तट, भाजक्या विटांची जोती आणि दालनांच्या खुणा एवढंच शिल्लक आहे. अभ्यासक हे बांधकाम आसाममधल्या सादियाच्या चुतिया राजांच्या काळाशी जोडतात. ते राज्य सोळाव्या शतकात आसामच्या अहोम राजांनी घेतलं. पावसाळ्यात विटांवर शेवाळ चढतं आणि पाय सटकतो, म्हणून खाली चांगली पकड असलेले बूट घाला. दोन तास पुरेत.

प्रश्न: रोइंग जिल्ह्याचं ठिकाण आहे असं वाचलं. एवढ्या जंगलात जिल्ह्याचं ठिकाण कशाला? तिथे आहे तरी काय? (एक वाचिका, कारेलीबाग)

उत्तर: याचं उत्तर नदीत आहे. इंग्रजांच्या काळात या सगळ्या डोंगराळ मुलखाचा कारभार खालच्या सादियातून चाले. १५ ऑगस्ट १९५० ला ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर कोसळून नद्यांत बांध पडले, ते फुटले, गाळाने पात्रं वर आली आणि पुढच्या काही वर्षांत नदीने जुनं सादिया गिळलं. मग सरकारी कचेऱ्या डोंगराच्या पायथ्याला सरकल्या. लोहितकडचा कारभार तेझूला गेला. १९८० मध्ये लोहित जिल्ह्यातून दिबांग व्हॅली जिल्हा वेगळा निघाला, त्याचं ठिकाण थेट वरचं अनिनी. २००१ मध्ये त्यातूनही लोअर दिबांग व्हॅली काढला आणि रोइंग त्याचं मुख्यालय झालं. अनिनीचा जिल्हा २०११ च्या जनगणनेत ८,००४ माणसांचा, म्हणजे देशात सर्वात कमी वस्तीचा. आपल्या एखाद्या सोसायट्यांच्या पट्ट्यात याहून जास्त लोक राहतात.

रोइंग शहर साधारण ३९० मीटर उंचीवर, देवपानी नदीच्या काठाला आहे. इथे कलेक्टर नाही, डेप्युटी कमिशनर असतात. सगळे त्यांना ‘डी.सी.’ म्हणतात. खाली सर्कल ऑफिसर, म्हणजे ढोबळमानाने आपला तहसीलदार. त्याच्याही खाली गावात लाल कोटवाला गावबुढा, म्हणजे गावप्रमुख. भांडणं पहिल्यांदा पारंपरिक सभेत जातात. इदूंमध्ये तिला अब्बाला आणि शेजारच्या आदी जमातीत केबांग म्हणतात. १९४५ च्या नियमावलीने गावच्या या अधिकाराला मान्यता दिलेली आहे, त्यामुळे हा नुसता रिवाज नाही. बाजारात इदू, आदी, असमिया, नेपाळी, बिहारी, मारवाडी सगळे भेटतात आणि बोलतात अरुणाचली हिंदी. बडोदेकराला भाषेची काहीच अडचण येत नाही. जमीन मात्र बाहेरच्याला विकत घेता येत नाही. निवृत्तीनंतर तिकडे प्लॉट घेण्याचा विचार असेल तर आत्ताच सोडा.

१ फेब्रुवारीला इदूंचा रेह सण असतो. त्याआधी पोहोचलात तर गाव सजताना दिसतं. घरात इगू, म्हणजे पुरोहित, विधी करत असेल तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका. काही विधींनंतर ठरावीक दिवस बाहेरच्याने गावात शिरायचं नाही असाही नेम असतो. तो मोडला तर विधी वाया गेला असं मानतात, म्हणून वाटेतच कोणी ‘आज नको’ म्हणालं तर वाद न घालता परत फिरा.

प्रश्न: परवाना लागतो म्हणे. मुलगा अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड आहे. चालेल ना? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर: नाही चालणार, आणि बडोद्याची मंडळी नेमकी इथेच अडकतात. तुम्हाला लागतो इनर लाइन परमिट. १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनपासून चालत आलेली ही पद्धत आहे. राज्य सरकारच्या साइटवर फोटो आणि ओळखपत्र चढवून तो मिळतो. मुलगा मात्र परदेशी पासपोर्टवाला, म्हणून त्याला प्रोटेक्टेड एरिया परमिट हवा. तो नोंदणीकृत टूर एजंटमार्फत काढायचा, साधारणपणे किमान दोघांच्या गटासाठी. इकडून तिकिटं काढण्याआधी त्याचं काम मार्गी लावा, आपलं नंतर.

तुमच्या परमिटमध्ये दोन चुका नेहमी होतात. ओळखपत्रावर ‘देशपांडे’चं स्पेलिंग एक आणि अर्जात दुसरं. आणि जिल्ह्यांच्या यादीत फक्त लोअर दिबांग व्हॅली निवडून पुढे अनिनीला जायचा बेत. अनिनी दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तोही अर्जात टाका. मुदत मागताना बेतापेक्षा तीन-चार दिवस जास्तीचे धरा. दरड कोसळली की रस्ता कधी मोकळा होईल हे कोणीच सांगू शकत नाही. छापील दोन प्रती जवळ ठेवा. शांतिपूरच्या नाक्यावर कागद तपासतात आणि तिथे मोबाइलची रेंज दगा देऊ शकते.

प्रश्न: पोहोचायचं कसं? गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवली तर?

उत्तर: दिब्रुगडच्या मोहनबारी विमानतळावर उतरा, किंवा रेल्वेने गुवाहाटी आणि तिथून रात्रीच्या गाडीने तिनसुकिया. तिनसुकियाहून रोइंग सुमारे ११० किलोमीटर. २०१७ पर्यंत ढोल्याच्या घाटावर गाडी बोटीत चढवून लोहित ओलांडावी लागे. पूर आला की बोट बंद. आता ९.१५ किलोमीटरचा भूपेन हजारिका सेतू आहे.

रोइंगपर्यंत स्वतः चालवायला हरकत नाही. त्यापुढे मायोदिया घाटात स्थानिक चालक घ्या, असंच आमचं मत. ५६ किलोमीटरमध्ये तुम्ही २,६५५ मीटरवर चढता. खाली रानकेळी, वेत आणि झाडाएवढे नेचे, वर ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉन, आणि मध्ये कुठेही धुकं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. नुसत्या ब्रेकवर आलात तर ते तापून बसतात. पेट्रोलची टाकी आणि रोकड दोन्ही रोइंगलाच भरून घ्या.

रस्त्यावर मिथुन बसलेले असतात. गव्यासारखं दिसणारं हे जनावर मोकळं चरतं, म्हणून ते बेवारशी समजू नका. प्रत्येकाला मालक आहे, बऱ्याचदा कानाला त्याच्या खुणेची चीर असते. लग्नात, दंडात, सणात त्याचीच देवघेव होते. धक्का लागला तर मामला गावच्या सभेत जातो आणि भरपाई मोठी पडते. हॉर्नने ते हलत नाही. गाडी थांबवून सोबतच्या माणसाला हळूच पुढे पाठवा.

प्रश्न: कधी जावं? (एक वाचिका, रावपुरा)

उत्तर: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलपासूनच पावसाच्या सरी सुरू होतात आणि जून ते सप्टेंबर दरडी, जळवा, मलेरिया तिन्ही जोरात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या प्रवासाच्या आधीपासून घ्याव्या लागतात. मायोदियाला बर्फ हवा असेल तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, पण तेव्हाच घाट बंद पडण्याची शक्यताही जास्त.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. रोइंगचा सूर्य बडोद्यापेक्षा जवळपास दीड तास आधी चालतो, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात संध्याकाळी साडेचारला अंधारतं आणि बाजारही लवकर आवरतो. बडोद्याच्या सवयीने नऊला चहा-नाश्ता करून निघालात तर घाटातून परत येईपर्यंत रात्र होईल. सहाला गाडीत बसा, आणि जेवणाचं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.